'काबायो' आणि 'येग्वा' : एका लोकगीतामागील भाषांतराचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांना 'लातिनो' अशी संज्ञा रूढ झाली आहे. त्यांच्या सांस्कृतिक वारशाच्या गौरवार्थ १९६८ पासून एक सप्ताह, आणि पुढे १९८८ च्या कायद्यान्वये १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा एक महिना राखून ठेवण्यात आला. या दिवसांत नृत्य, वाद्यसंगीत, भित्तिचित्रे, खाद्यपदार्थ यांची रेलचेल असते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु या वारशाचा एक भाग असा आहे की, ज्याकडे भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष पुरवावयास हवे. कारण त्याच्या मुळाशी एका शब्दाचे भाषांतर आहे. टेक्सस आणि मेक्सिको यांच्या सीमाप्रदेशात शंभराहून अधिक वर्षे गायिला जात असलेला ग्रेगोरियो कोर्तेसचा कोर्रिदो हा तो भाग होय.

कोर्रिदो हा स्पॅनिश भाषेतील कथागीताचा एक प्रकार. 'धावणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला असून स्पेनमधील जुन्या 'रोमान्से' या कथाकाव्याशी त्याचे नाते जोडण्यात येते. आठ अक्षरांच्या चरणांची चौपदी, दुसऱ्या व चौथ्या चरणाचे यमक आणि गिटारची साथ, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. आरंभी बहुधा स्थळाचा वा कालाचा निर्देश येतो आणि शेवटी गायक श्रोत्यांचा रीतसर निरोप घेतो. आपल्याकडील पोवाड्याची आठवण व्हावी असेच हे सारे आहे. मात्र पोवाड्याला पुष्कळदा राजाश्रय होता, तर सीमेवरच्या कोर्रिदोला श्रोत्यांखेरीज कोणाचाच आश्रय नव्हता.

या प्रदेशाचा इतिहास थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवा. रिओ ग्रांदे नदीच्या खालच्या खोऱ्यात स्पॅनिश वसाहती झाल्या त्या १७४९ पासून. त्या काळी नदी ही दोन तीरांवरील आप्तस्वकीयांची नदी होती. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो येथील तहाने तीच आंतरराष्ट्रीय सीमा ठरली आणि उत्तर तीरावरील लोक जागचे न हलता परक्या राज्यात गेले. लातिनो म्हणजे अमेरिकेत बाहेरून आलेले लोक, ही समजूत त्यांच्यापुरती तरी खरी नव्हे. ज्या न्यायालयांची, शेरिफांची आणि दस्तऐवजांची भाषा इंग्रजी, अशा राज्यात स्पॅनिश बोलत राहणे म्हणजे दुभाष्याच्या स्वाधीन होणे होते. ते किती धोक्याचे असू शकते, हे १९०१ साली दिसून आले.

ग्रेगोरियो कोर्तेस याचा जन्म २२ जून १८७५ रोजी मेक्सिकोतील मातामोरोस शहराच्या परिसरात झाला. त्याचे कुटुंब १८८७ मध्ये टेक्ससमध्ये आले. पुढे तो आणि त्याचा भाऊ रोमाल्दो हे कार्न्स परगण्यात खंडाने शेती करू लागले. १२ जून १९०१ रोजी त्या परगण्याचा शेरिफ मॉरिस हा एका घोडेचोराच्या शोधात त्यांच्या घरी आला. त्याला स्पॅनिश येत नव्हते. म्हणून बून चोट नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला त्याने दुभाष्या म्हणून बरोबर घेतले होते. या चोटची मेक्सिकन लोकांची भाषा जाणणारा म्हणून ख्याती होती.

त्या दिवशीच्या संभाषणाचा जो उलगडा आमेरिको पारेदेस या संशोधकाने केला आहे, त्यावरून तीन ठिकाणी अर्थाचा विपर्यास झाला असे दिसते. शेरिफला ग्रेगोरियोशी बोलावयाचे आहे असे कळताच रोमाल्दोने भावाला हाक मारून 'ते किएरेन' असे म्हटले. 'केरेर' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'इच्छिणे'. बोलीत या वाक्याचा अर्थ इतकाच की, 'तुला बोलावताहेत'. चोटच्या कानी मात्र 'तू त्यांना हवा आहेस' हा शब्दार्थ पडला. आणि इंग्रजीत शासनाला 'हवा असलेला' मनुष्य म्हणजे गुन्हेगार! जणू भावानेच भावाच्या गुन्ह्याची कबुली दिली होती.

दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा. कोर्तेसने नुकताच घोड्याचा सौदा केला आहे काय, असे चोटने विचारले आणि त्यासाठी 'काबायो' हा शब्द वापरला. कोर्तेसने उत्तर दिले, 'नाही'. ते उत्तर अक्षरशः खरे होते. त्याने अदलाबदलीत दिली होती ती 'येग्वा', म्हणजे घोडी. इंग्रजीत घोड्याचा वाचक शब्द हा नर व मादी या दोहोंना व्यापतो. घोडीसाठी वेगळा शब्द असला तरी तो खास प्रसंगी योजावयाचा. स्पॅनिशमध्येही समग्र जातीविषयी बोलताना 'काबायो' चालतो. पण समोर बांधलेल्या एका विशिष्ट जनावराविषयी बोलताना, आणि तेही जनावरांवर पोट असलेल्या माणसाच्या तोंडी, 'काबायो' म्हणजे नर आणि 'येग्वा' म्हणजे मादी हा भेद कडेकोट पाळला जातो. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारात घोडी विकून आलेल्या शेतकऱ्याला 'घोडा विकलास काय?' असे कोणी विचारले तर तोही 'नाही' असेच म्हणेल, आणि त्याला कोणी खोटारडा म्हणणार नाही. मॉरिसजवळ मात्र तो सौदा झाल्याची साक्ष होती. तेव्हा हे 'नाही' त्याला उघड असत्य वाटले आणि त्याने अटकेची आज्ञा दिली. पारेदेस यांनी पुराव्यावरून दाखविल्याप्रमाणे ती घोडी कोर्तेसने रीतसर मिळविलेली होती.

तिसरा विपर्यास नकाराचा. काही केलेले नसताना आपल्याला अटक करता येणार नाही, असे कोर्तेसने म्हटले. त्यात 'नादा', म्हणजे 'काही नाही', हा शब्द होता. चोटने तो 'नादिए', म्हणजे 'कोणी नाही', असा घेतला, आणि 'कोणीही गोरा मनुष्य मला अटक करू शकणार नाही' असे त्याचे इंग्रजी केले. निरपराधाचा आक्षेप भाषांतरात आव्हान होऊन बाहेर पडला. 'गोरा' हा शब्द तर मूळ वाक्यात कोठेच नव्हता. तो दुभाष्याच्या मनातला.

मॉरिसने पिस्तूल काढून रोमाल्दोवर गोळी झाडली. ग्रेगोरियोने मॉरिसवर झाडली. मॉरिस मरण पावला. जखमी रोमाल्दो पुढे तुरुंगात वारला. चोट हा दुष्ट मनुष्य होता असे मानण्यास आधार नाही. त्याला स्पॅनिश मुळीच येत नसते तर कदाचित हा अनर्थ टळलाही असता. पण त्याला ती थोडीशी येत होती, आणि ती पुरेशी येते असे सर्वांना वाटत होते.

पुढील दहा दिवस कोर्तेस पायी आणि घोड्यावरून सीमेच्या रोखाने पळत राहिला. वाटेत बेलमाँट येथील चकमकीत ग्लोव्हर हा दुसरा शेरिफ ठार झाला. शेकडो लोक पाठलागावर निघाले. कोर्तेसची बायकामुले तुरुंगात घालण्यात आली. संशयावरून कित्येक मेक्सिकन पकडले गेले, काहींचे प्राण गेले. २२ जून रोजी, त्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी, एका फितुराच्या सांगण्यावरून तो पकडला गेला. मग खटल्यांची मालिका सुरू झाली. सान आंतोनिओ येथील 'एल रेहिदोर' या स्पॅनिश पत्राचे संपादक पाब्लो क्रूस यांनी त्याच्या बचावासाठी निधी जमविण्यात पुढाकार घेतला. गरीब मजुरांनी त्यात पैसे घातले. मॉरिसच्या खुनाबद्दल झालेली देहान्ताची शिक्षा वरिष्ठ न्यायालयात टिकली नाही, आणि १९०४ मध्ये कॉर्पस ख्रिस्ती येथे ज्यूरीने त्या आरोपातून त्याला मुक्त केले. ग्लोव्हरच्या मृत्यूबद्दलची जन्मठेप मात्र कायम राहिली. १९१३ मध्ये गव्हर्नर कॉलक्विट यांनी त्याला सशर्त माफी दिली. १९१६ मध्ये तो मरण पावला.

कोर्रिदो रचला गेला तो लगोलग. १९२९ मध्ये पेद्रो रोचा आणि लुपे मार्तीनेस या गायकांनी तो ध्वनिमुद्रितही केला. सत्य घटना आणि गीत यांची तुलना मोठी उद्बोधक आहे. कार्न्स परगणा गीतात 'एल कार्मेन' झाला. परक्या नावाला मेरीमातेच्या परिचित नावाचा पेहराव चढला. रोमाल्दोचा 'रोमान' झाला. 'शेरिफ'चे 'चेरिफे' झाले, कारण स्पॅनिशमध्ये 'श' हा वर्ण नाही. टेक्सस रेंजर या सशस्त्र दलाच्या नावापासून सीमेवर 'रिंचे' हा शब्द रूढ झाला आणि पाठलाग करणाऱ्या कोणत्याही बंदूकधारी गोऱ्यास तो लावला जाऊ लागला. एका मेक्सिकनाला धरण्यासाठी इतके रिंचे लागतात, हा गीतातला उपहास श्रोत्यांना विशेष प्रिय. गीताच्या भोवती दंतकथाही वाढल्या. त्यांपैकी एकीत कोर्तेसच्या सुटकेसाठी प्रत्यक्ष लिंकनची कन्या रदबदली करते. वास्तविक लिंकनला चार पुत्र होते, कन्या नव्हतीच. परंतु कैद्याला न्याय हवा तर तो लिंकनच्याच घरातून यावयास हवा, ही लोकांची कल्पना अर्थशून्य म्हणता येणार नाही.

या साऱ्याचा शास्त्रीय अभ्यास केला तो आमेरिको पारेदेस (१९१५–१९९९) यांनी. जन्म ब्राउन्सव्हिल या सीमेवरील गावी. कवी, वार्ताहर, गिटारवादक. महायुद्धानंतर काही काळ जपानमध्ये अमेरिकन सैन्याच्या वृत्तपत्रात. शिक्षण पुरे होईतो ते चाळिशीत पोहोचले होते. टेक्सस विद्यापीठास सादर केलेला त्यांचा १९५६ चा प्रबंध १९५८ मध्ये 'विथ हिज पिस्टल इन हिज हँड' या नावाने प्रसिद्ध झाला. गीताचे पाठभेद एकीकडे आणि न्यायालयीन कागद व वृत्तपत्रे दुसरीकडे ठेवून त्यांनी दोहोंची सारख्याच कठोरपणे छाननी केली. कोर्रिदोतील अतिशयोक्ती त्यांनी लपविली नाही. परंतु रेंजरांच्या शौर्याच्या ज्या कथा त्यांच्याच विद्यापीठातील विख्यात इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनी १९३५ च्या ग्रंथात इतिहास म्हणून दिल्या होत्या, त्यांतील पुष्कळ भाग हेही लोकसाहित्यच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आणि वेब हयात असताना, त्यांच्याच नगरीत! पारेदेस यांचे लेखन संयत आहे, पण त्या संयमाखालचा उपरोध चांगलाच बोचरा आहे. पुढे मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाला विद्यापीठीय स्थान मिळवून देण्यात ते अग्रभागी राहिले, आणि १९९० मध्ये मेक्सिकोने 'आझ्टेक गरुड' हा सन्मान त्यांना दिला.

दुभाष्याच्या प्रश्नाकडे कायद्याचे लक्ष जाण्यास बराच अवधी लागला. केवळ स्पॅनिश जाणणाऱ्या नेग्रॉन या आरोपीचा खटला पुरेशा भाषांतरावाचून चालविला गेला, म्हणून १९७० मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्याची शिक्षा अवैध ठरविली. १९७८ मध्ये संघीय न्यायालयांतील दुभाष्यांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला.

१९८२ मध्ये रॉबर्ट यंग यांनी कोर्तेसवर चित्रपट काढला. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी त्यात नायकाची भूमिका केली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची नोंद झाली. त्यातील स्पॅनिश संवादांना मुद्दामच इंग्रजी उपशीर्षके दिलेली नाहीत. त्यामुळे इंग्रजी प्रेक्षक बराच वेळ मॉरिसच्याच जागी उभा राहतो, आणि 'येग्वा' या शब्दाचे महत्त्व त्याला कळते ते कोर्तेस तुरुंगात गेल्यावर, जेव्हा एक स्त्री दुभाषी त्याच्यापुढे बसून त्याचे बोलणे पहिल्यांदाच नीट ऐकते.