गालावरचा चट्टा कुणाचा?

गालावर तांबूस, किंचित उंचावलेला चट्टा. खाज नाही, दुखणं नाही. दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की थोडे दिवस फिका पडतो, मग हळूहळू पसरत राहतो. असा चेहरा बंगळुरूतल्या एखाद्या त्वचारोग ओपीडीत आला, तर नायट्याच्या पलीकडची दोन नावं डॉक्टरांच्या मनात येतात : कुष्ठरोग आणि त्वचेचा क्षय. दोन्हींचे जंतू एकाच कुळातले.

एरवी कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, कापसाचं टोक फिरवलं तरी कळत नाही. चेहऱ्यावर मात्र ही खूण दगा देते! तिथे मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट, की रोग असूनही स्पर्श शाबूत राहू शकतो. मग मानेतली नस जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपायचं. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन द्रव तपासायचा, कारण या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात.

क्षयाची परीक्षा वेगळी. काचपट्टी चट्ट्यावर दाबली की रक्त सरतं, लाली विरते आणि खाली सफरचंदाच्या जेलीसारखे पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते नीट दिसतीलच असं नाही, म्हणून बायॉप्सी.

बंगळुरूतच १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची आखणी तिथे झाली. त्या कार्यक्रमाचा कणा होता थुंकीतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. चेहऱ्यावरच्या क्षयात मात्र जंतू इतके विरळ, की पुष्कळदा एकही सापडत नाही. कल्चर करावं, तर क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे २० तास घेतो, म्हणजे उत्तराला कित्येक आठवडे. कुष्ठरोगाचा तर जवळपास दोन आठवडे घेतो. नॉर्वेतल्या हॅन्सन या डॉक्टरने तो १८७३ मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर वाढलेला नाही.

दोन्हींवर रिफॅम्पिसिन चालतं, आणि घोळ तिथेच. कुष्ठरोगात ते महिन्यातून एकदा, क्षयात रोज, इतर औषधांच्या जोडीनं, किमान सहा महिने. क्षयाला कुष्ठरोग समजून महिन्याचा डोस दिला, तर जंतू औषधाला सरावू शकतो. निदान बरोबर असेल, तर क्षयाचा चट्टा साधारण चार ते सहा आठवड्यांत दबू लागतो. तसं झालं नाही, तर बायॉप्सीचा अहवाल पुन्हा उघडायचा.