विक्रीच्या संकेतस्थळास विनामूल्य सुरक्षा-प्रमाणपत्र

आंबा, काजू, गूळ, हळद, मध यांसारखा माल मध्यस्थाकडे न देता सरळ ग्राहकास पाठविण्याची पद्धत अनेक बागायतदारांनी व उत्पादक गटांनी आता पत्करली आहे. त्यासाठी ते स्वतःचे लहानसे संकेतस्थळ उघडतात. ग्राहक त्यावर आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून मागणी नोंदवितो. ही माहिती वाटेत परक्याच्या हाती पडू नये म्हणून संकेतस्थळास सुरक्षा-प्रमाणपत्र असणे अवश्य आहे. हे प्रमाणपत्र आज एक पैसाही खर्च न करता मिळते. परंतु ते एकदा घेऊन विसरून गेल्यास ऐन हंगामात नुकसान सोसावे लागते. म्हणून ते कसे घ्यावे व कसे सांभाळावे, याची माहिती येथे दिली आहे.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. मोहोरबंद लखोट्याचे तसे नसते. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपी’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर त्यावरील मजकूर पोस्टकार्डाप्रमाणे उघडा जातो. ‘एचटीटीपीएस’ असेल, तर तो सांकेतिक रूपात जातो व वाटेतील माणसास उलगडत नाही. क्रोम या न्याहाळकाने जुलै २०१८ पासून उघड्या पद्धतीच्या प्रत्येक स्थळावर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखविण्यास प्रारंभ केला. असा शेरा वाचून नवा ग्राहक मागणी न नोंदविता परत फिरतो.

या व्यवस्थेस लोक एसएसएल म्हणतात. वस्तुतः एसएसएलची शेवटची आवृत्ती १९९६ सालची असून २०१५ साली ती त्याज्य ठरविण्यात आली. १९९९ साली आलेल्या टीएलएस या पद्धतीने तिची जागा घेतली आहे. जुने नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

ते विनामूल्य कोण देते?

पूर्वी अशा प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. अमेरिकेतील इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या ना-नफा संस्थेने लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सुरू केली व डिसेंबर २०१५ पासून ती सर्वांस खुली झाली. अर्जदाराने सांगितलेले नाव खरोखर त्याच्याच ताब्यात आहे की नाही, एवढेच ही सेवा तपासते. त्यासाठी ती एक सांकेतिक मजकूर देते आणि तो संकेतस्थळावर किंवा नावाच्या नोंदीत ठेवण्यास सांगते. तो तेथे आढळला की प्रमाणपत्र मिळते. हे सर्व काम यंत्रेच परस्पर करीत असल्यामुळे त्यास काही क्षणच लागतात.

विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्राने मजकूर अधिक गुप्त राहतो, असा समज बरोबर नाही. त्या बाबतीत दोन्ही सारखीच आहेत. काही विकतच्या प्रमाणपत्रांत व्यवसायाच्या कागदपत्रांचीही तपासणी होते, हा मुख्य फरक होय.

घेण्याची रीत

१. ज्या कंपनीकडे संकेतस्थळासाठी जागा घेतली आहे, तिच्याकडे प्रथम चौकशी करावी. पुष्कळ कंपन्या हे प्रमाणपत्र आपल्या दरातच बसवून देतात. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असल्यास ते कशाबद्दल, हे अवश्य विचारावे.

२. स्वतःचा सर्व्हर असल्यास सर्टबॉट हे विनामूल्य साधन वापरता येते. ते इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने तयार केले आहे. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

३. पत्त्याच्या आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले व नसलेले, अशी दोन्ही नावे प्रमाणपत्रात घालावीत. एकच घातल्यास दुसऱ्या नावाने येणाऱ्या ग्राहकास धोक्याची सूचना दिसते.

४. जुन्या उघड्या पत्त्यावर येणारा ग्राहक आपोआप सुरक्षित पत्त्यावर वळेल, अशी योजना करावी. हे न केल्यास प्रमाणपत्र असूनही मागण्या उघड्या वाटेनेच येत राहतात.

५. पानावरील मालाची चित्रे जुन्या पत्त्यावरून येत नाहीत ना, हे पाहावे. तशी येत असल्यास ती दिसेनाशी होण्याचा संभव असतो.

६. प्रमाणपत्राबरोबर एक गुप्त किल्ली तयार होते. ती सर्व्हरवरच ठेवावी. टपालाने, ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवरून कोणासही पाठवू नये.

मुदतीकडे लक्ष

लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र आजवर सामान्यतः ९० दिवसांचे असते. पुढे हा काळ ४५ दिवसांपर्यंत आणण्याचे त्या संस्थेने जाहीर केले आहे. म्हणून नूतनीकरण हाताने करण्यावर विसंबून राहू नये. ते आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी. ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण साधारणतः ३० दिवस शिल्लक असतानाच व्हावयास पाहिजे. म्हणजे काही बिघाड झाल्यास दुरुस्तीस अवधी मिळतो.

समजा, एखाद्या देवगडच्या बागायतदाराने फेब्रुवारीच्या आरंभी प्रमाणपत्र घेतले आणि नूतनीकरणाची सोय केली नाही. त्याची मुदत मेच्या आरंभी, म्हणजे हापूसच्या मागण्या जोरात असतानाच संपेल. ग्राहकासमोर मालाऐवजी धोक्याची मोठी सूचना येईल. पिकलेला आंबा ग्राहकाच्या पुनरागमनाची वाट पाहत नाही. पूर्वी मुदत संपण्याआधी संस्थेकडून ई-मेल येत असे. ४ जून २०२५ पासून तो येणे बंद झाले आहे. म्हणून मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी व हंगामाच्या पंधरा दिवस आधी आपले स्थळ दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे.

प्रमाणपत्राने काय होत नाही?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी चिठ्ठी आतील बियाण्याच्या दर्जाची ग्वाही देते. या प्रमाणपत्राचे तसे नाही. ते फक्त पत्ता व वाट यांची ग्वाही देते. विकणारा प्रामाणिक आहे की नाही, हे सांगत नाही. लबाड मनुष्यही आपल्या स्थळासाठी ते घेऊ शकतो. खते वा बियाणे मागविताना केवळ ‘एचटीटीपीएस’ पाहून पैसे पाठवू नयेत. पत्त्यातील प्रत्येक अक्षर व विक्रेत्याचा परवाना पडताळून पाहावा.

तसेच वाट सुरक्षित झाली म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नव्हे. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द सोपा असेल किंवा त्यावरील प्रणाली जुनाट राहिली असेल, तर चोर तेथूनच आत शिरतो व ग्राहकांची सर्व यादी घेऊन जातो. परवलीचा शब्द लांब ठेवावा, प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करावी आणि मागण्यांच्या नोंदींची एक प्रत निराळी ठेवावी.

ज्या ग्राहकाने आपला पत्ता विश्वासाने आपणास दिला, त्याची माहिती जपणे हे वजनमाप चोख ठेवण्याइतकेच विक्रेत्याचे कर्तव्य होय. त्यास पैसा लागत नाही. वेळच्या वेळी लक्ष मात्र द्यावे लागते.