जुन्या स्कूटरचा गंज आणि नवा रंग

आपल्या देशातील असंख्य घरांच्या अंगणात किंवा जिन्याखाली एखादी जुनी स्कूटर उभी असलेली दिसते. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक ही त्यांतील सर्वांत परिचित. ती मिळावी म्हणून लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत असत. २०१९ साली तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आले. परंतु जुनी गाडी मोडीत घालण्यास अनेक कुटुंबांचे मन धजत नाही. तिच्या पत्र्यावर तांबूस डाग दिसू लागले की 'रंगाचा एक हात देऊ' असे सहज म्हटले जाते. रंग देणे कठीण नाही. मात्र त्या रंगाखाली काय झाकले जात आहे, हे पाहिल्यावाचून तो देणे धोक्याचे होय.

याचे कारण या गाडीच्या रचनेत आहे. मोटारसायकलप्रमाणे हिला नळ्यांचा वेगळा सांगाडा नसतो. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा. आपण पाय ठेवतो तो पत्रा केवळ पाय टेकण्यासाठी नसून पुढचा व मागचा भाग त्यानेच जोडलेला असतो. तो गंजून पोकळ झाला, तर वरचा चकचकीत रंग गाडीवर बसलेल्या माणसांस वाचवू शकणार नाही.

गंज चढतो कसा?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज निर्माण होतो. यांतील एक जरी दूर ठेवले, तरी लोखंड सुरक्षित राहते. पाण्यात मीठ असल्यास ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच रत्नागिरी, पणजी, कोची, चेन्नई यांसारख्या समुद्रकाठच्या गावी वाहने लवकर गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, फोड येतात, रंग तडकतो आणि त्या भेगांतून पाणी पुन्हा आत शिरते.

दिल्लीतील मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा असूनही फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रह्मण्यम यांनी दाखवून दिले. गंज काढण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक द्रवांत स्फुरदापासून बनणारे फॉस्फोरिक आम्ल असते आणि तेही लोखंडावर फॉस्फेटचा असाच थर बसवते.

आधी परीक्षा, मग रंग

गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. बाजूची कव्हरे, पायांखालच्या रबरी पट्ट्या आणि चटई काढावी. पट्ट्यांखाली पाणी साचून राहते, म्हणून तेथेच गंज सर्वांत अधिक सापडतो. मडगार्डची आतली बाजू, स्टेपनीमागची जागा आणि बॅटरी असल्यास तिच्याखालचा पत्राही पाहावा.

आता डागाच्या जागी दाभणाचे टोक दाबून पाहा. पत्रा टणक लागला व वरचा तांबूस थर खरवडताच खालून चकाकते लोखंड दिसले, तर तो वरवरचा गंज होय. तो घरी काढता येतो. टोक आत रुतले, पत्र्याचे पापुद्रे सुटू लागले किंवा भोक पडले, तर काम तेथेच थांबवून गाडी कुशल कारागिराकडे न्यावी. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच त्यावर उपाय आहे. पेट्रोलची टाकी काढल्याखेरीज असे जोडकाम करू देऊ नये. भोकात लांबी भरून वर रंग देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. लांबीने खळगा सपाट होतो, पण पत्र्याला बळ येत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही ही दाभणाची परीक्षा विसरू नये.

घरातील मुलांची काळजी

जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांत दर दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. आपली गाडी त्याहून कितीतरी जुनी असेल. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, निघालेला चिखल जुन्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मुले व गर्भवती स्त्रिया यांनी जवळ थांबू नये. हातमोजे, चष्मा आणि चांगली तोंडपट्टी वापरावी. रंग व थिनर यांची वाफ पेट घेते. काम उघड्या हवेत करावे आणि जवळ विडी, सिगारेट वा चूल नसावी. गॅरेजमध्ये वापरले जाणारे, दोन द्रव्ये मिसळून फवारण्याचे रंग घरी वापरू नयेत. त्यांतील आयसोसायनेट नावाचे द्रव्य फुप्फुसांना घातक असून साध्या तोंडपट्टीने ते अडत नाही.

प्रत्यक्ष कृती

प्रथम सुटलेला रंग व गंज तारेच्या ब्रशाने ओलसर ठेवून काढावा. नंतर ८० क्रमांकाच्या जाड वॉटर पेपरने लोखंड उघडे होईपर्यंत घासावे आणि १८० व ३२० अशा बारीक कागदांनी कडा उतरत्या कराव्यात. जुन्या रंगाची कडा बोटास लागता कामा नये. बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर गंज काढण्याचे द्रव डब्यावरील सूचनेप्रमाणे लावून पुसावे.

यापुढे विलंब नको. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते. पत्रा कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उन्हात ठेवावा, थिनरच्या बोळ्याने तेलकटपणा काढावा आणि त्याच दिवशी अस्तर द्यावे. झिंक फॉस्फेटचे अस्तर उत्तम. रेड ऑक्साइडही चालते. त्याचे दोन पातळ हात द्यावेत. अस्तर वाळले की किरकोळ खळग्यांत लांबी भरून घासावी व त्या जागी पुन्हा अस्तराचा हात द्यावा.

फवाऱ्याचा डबा वापरत असल्यास तो पत्र्यापासून वीतभराहून थोडा अधिक दूर धरावा आणि हात सतत चालता ठेवावा. एक जाड थर ओघळतो. तीन-चार पातळ थर टिकतात. जुना रंग व नवा रंग एकमेकांस मानवतील की नाही, हे आधी कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात पाहावे; न मानवल्यास रंग सुरकुततो. ब्रेक, रबर, दिवे व विजेच्या तारांची टोके कागद आणि चिकटपट्टीने झाकावीत. पत्र्यावर ठोकलेला गाडीचा क्रमांक घासू नये व रंगाने बुजवू नये.

पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. महाराष्ट्रात दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस सोयीचे. उत्तरेत धुके व दव टाळून दुपार निवडावी. राजस्थान वा विदर्भात मात्र मे महिन्याच्या उन्हात रंग नीट पसरण्यापूर्वीच सुकतो.

कायद्याच्या दोन गोष्टी

नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंगही लिहिलेला असतो. तो बदलावयाचा असल्यास आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. खासगी वाहनाची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते व पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. खर्चात पडण्यापूर्वी ती मुदत व आपल्या शहरातील जुन्या वाहनांचे नियम पाहून घ्यावेत.

पुढची निगा

वाळलेला रंग लगेच पक्का होत नाही. महिनाभर त्यावर मेण चोळू नये. रबरी पट्ट्या परत बसवताना खालचा पत्रा कोरडा असावा, पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी असावीत आणि पोकळ भागांत गंजरोधक तेल वा मेण सोडावे. दरवर्षी खंडेनवमीला घरोघर अवजारे पुसून त्यांची पूजा होते. दक्षिणेत त्याच सुमारास आयुधपूजा असते. पावसाळा सरलेला असतो, आणि गाडीला फुलांची माळ घालण्यापूर्वी चटई उचलून दाभण घेऊन तिचा पत्रा तपासावयास याहून योग्य दिवस नाही. टिकलीएवढा डाग त्या दिवशी सापडला, तर अर्ध्या तासात निघतो; तोच दोन पावसाळे राहिला, तर पत्रा कापावा लागतो.