घड्याळ लावून म्हटलेली आरती

गोव्यात चवथीच्या आरतीला पूर्वी शेवट नसे. गणपतीची झाली की शंकराची, मग देवीची, विठोबाची, दशावताराची; प्रसादाकडे नजर जाते न जाते तोच कुणाला तरी आणखी एक आठवे आणि घुमटावर पुन्हा थाप पडे. एका घरातून उठलेली मंडळी तशीच पुढच्या घरी जात. या न संपणाऱ्या आरतीला मिनिटांत बसवले ते स्पर्धांनी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्याचे पथक बरीच वर्षे स्पर्धांना जात आले आहे, आणि या काळात काय मिळाले नि काय निसटले याचा हिशेब आमच्यात दर चवथीला नव्याने मांडला जातो.

स्पर्धा ही गोष्ट गोव्याला नवी नव्हती. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेने गावोगावच्या भजनी मंडळांना तालमीची सवय लावली होती. आरतीच्या स्पर्धा त्याच वळणाने गेल्या: ठरलेला वेळ, ठरलेली माणसे, सूर, ताल, शब्दोच्चार, एकजिनसीपणा यांना गुण आणि उत्कृष्ट घुमटवादकाला वेगळे बक्षीस.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे, की घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. उजवा हात कातड्यावर चालतो आणि डावा तळवा लहान तोंड झाकत-उघडत आतला आवाज वळवतो. सोबतीला काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि काशाची कासाळे. आता चवथ ऐन पावसात येते. ओलाव्याने कातडे सैल पडते, त्यामुळे आमची खरी स्पर्धा निम्मी रंगमंचामागेच व्हायची. घुमटे चादरीत गुंडाळून टेंपोतून न्यायची, विजेच्या दिव्याखाली शेकायची, आणि नेमका आपला क्रमांक लांबला की पुन्हा शेकायची. खड्ड्यात टेंपो आदळला की आधी घुमटाला हात लागे, मग स्वतःच्या डोक्याला.

कातड्याचा प्रश्न तर वेगळाच. घुमटाला परंपरेने घोरपडीचे कातडे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, घोरपड त्यात संरक्षित. तरी घरोघरी जुनी घुमटे वाजतच होती. व्यासपीठावर चार लोकांसमोर उभे राहायचे तेव्हा मात्र आम्हाला बकऱ्याच्या कातड्याकडे वळावेच लागले. जुने वादक कुरकुरले. आवाज जड झाला, बोट उमटत नाही, अशी तक्रार बरेच दिवस चालली. ती खोटी नव्हती. पण कातडे किती पातळ करायचे, किती ताणायचे हे हळूहळू जमत गेले, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा आमच्या पोरांच्या हातात बकऱ्याच्याच कातड्याची घुमटे होती.

घड्याळाने मात्र आम्हाला खरोखर बदलले. थोड्या मिनिटांत चार आरत्या बसवायच्या तर कडवी गाळावी लागतात. गाळलेल्या जागी घुमट-शामेळाची चढाओढ घातली की टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की पुढच्या वर्षी लय आणखी चढते. वाड्यावरच्या एका आजोबांनी आमची तालीम ऐकून विचारले होते, “इतले कित्याक धांवतात रे? बस चुकता?” आम्ही हसलो, पण त्यांचे बरोबर होते. संथ लयीत एकेका शब्दावर थांबणारी जुनी चाल आमच्या पथकातून जवळजवळ गेली.

उलट शब्द सुधारले, ते गुणांच्या लोभानेच. घरी कोकणी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मराठी आरत्या ऐकून पाठ करत आली. काही ओळींचे आमच्याकडे असे काही झाले होते की रचनाकाराने ओळखले नसते. छापील पुस्तक उघडले गेले ते एका परीक्षकाने उच्चारांचे गुण कापल्यावर.

बक्षिसांच्या रकमेबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. टेंपो, सारखे कुडते आणि रात्रीचे जेवण यांत ती जाते, क्वचित थोडी उरते.

माझ्या मते स्पर्धांनी केलेले सगळ्यात मोठे काम म्हणजे बायकांच्या हाती घुमट दिले. आमच्याकडे त्या फुगड्या घालत, आरतीत सूर मिळवत. वाद्य पुरुषांचे, असे कुणी न सांगता ठरलेले होते. महिला गट सुरू झाला आणि देवळाच्या मंडपात संध्याकाळी त्यांची तालीम बसू लागली. शिकवायला गेलेल्या आमच्यातल्या दोघांना वाटले होते, हौस आहे, चार दिवसांत विरेल. पहिला क्रमांक वाड्यावर आला तो त्यांचा. आम्ही तोवर उत्तेजनार्थवरच होतो.

यंदा त्यांनीच गाळलेली कडवी परत घ्यायचे ठरवले आहे, जुन्या संथ चालीत. त्यासाठी टाळ्या घेणारा घुमटाचा तुकडा काढावा लागणार, आणि त्यावरून तालमीत रोज भांडण होते आहे. अर्ज भरायची मुदत जवळ आली तरी अजून निकाल लागलेला नाही.