करडईचे तेल आणि कोलेस्टेरॉल

वैरागच्या बाजारात तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले दिसले, तर त्यापायी जादा पैसे मोजू नका. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असते.

कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. आपले यकृत ते रोज तयार करते. त्यापासून पित्तातील आम्ले व संप्रेरके बनतात. त्याच्याच एका सख्ख्या भावंडापासून, उन्हात राबताना, कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. मात्र रक्तात ते फाजील झाले, की रक्तवाहिन्यांत साचते व हृदयविकार जडतो.

वनस्पतींत त्याचे चुलत भावंड असते, सिटोस्टेरॉल. ते आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवते. करडईच्या तेलात ते आहेच, शिवाय हृदयाला मानवणारे लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के आहे. म्हणून ज्वारीच्या कडेने करडईचे तास मोडू नका. ‘भीमा’ वाण तर आपल्या सोलापूरच्याच संशोधन केंद्राचा आहे.

पण तेल म्हणजे औषध नव्हे. माणशी दिवसाला चार-पाच लहान चमचे पुरेत. डॉक्टरांची गोळी चालू असेल, तर तेलाच्या भरवशावर ती सोडू नका. चाळिशी उलटली, की रक्त तपासून घ्या. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, म्हणूनच ते घात करते.