संशोधनाचा विषय आणि अध्यापन : प्रा. श्रीखंडे यांच्या एका सिद्धांताच्या निमित्ताने

अध्यापनात संशोधनाचा वेळ जातो, अशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवून कालिन्यास येणाऱ्या संशोधकास ती विशेष जाणवते. तक्रार खोटी नव्हे. परंतु फळ्यावरचे गणित आणि प्रबंधातील गणित यांचा परस्परांशी संबंध नसेल, तरच ती पूर्णांशाने लागू पडते.

या दृष्टीने प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचा विद्यार्थिदशेतील विषय पाहण्यासारखा आहे. नागपुरास अध्यापन केल्यानंतर ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले व प्रा. राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. शेतीच्या प्रयोगांसाठी वाणांची मांडणी कशी करावी, या व्यावहारिक गरजेतून त्यांचा विषय, संयोजन-रचना, वाढीस लागला होता.

समजा, २२ वाण २२ गटांत वाटावयाचे आहेत. प्रत्येक गटात ७ वाण, प्रत्येक वाण ७ गटांत, आणि कोणतेही दोन वाण नेमक्या २ गटांत एकत्र यावेत. एका वाणाला ७ गटांत प्रत्येकी ६, म्हणजे ४२ सोबती मिळतात. उरलेले २१ वाण दोनदा मोजले तरी ४२च. हिशेब जुळतो. तरीही अशी रचना अशक्य आहे.

कारण असे : वाणांसाठी ओळी व गटांसाठी स्तंभ घेऊन, वाण गटात असल्यास १ व नसल्यास ० लिहावा. या आव्यूहाला त्याच्याच परिवर्त आव्यूहाने गुणले असता मुख्य कर्णावर ७ व इतरत्र २ येतात. या गुणाकाराचा निर्धारक ४९ गुणिले ५ चा २१वा घात एवढा होतो. तो मूळ आव्यूहाच्या निर्धारकाचा, म्हणजे एका पूर्णांकाचा, वर्ग असला पाहिजे. ४९ हा वर्ग आहे. ५ चा विषम घात वर्ग नाही. येथेच विसंगती येते.

वाणांची संख्या सम असता लागू पडणारा हा सर्वसाधारण निष्कर्ष श्रीखंडे यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. फ्रान्समधील शुत्झेनबर्जे यांनीही तो स्वतंत्रपणे मिळविला होता. विषम संख्येकरिता मात्र अंकशास्त्राची अधिक खोल साधने लागतात. पुढे १९५९ साली बोस, श्रीखंडे व पार्कर यांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे १७८२ मधील अनुमान खोटे ठरविले. आणि १९६३ पासून १९७८ पर्यंत श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते.

वरील सिद्धतेत पदवी वर्गात शिकविल्या जाणाऱ्या निर्धारकापलीकडे काही नाही. निर्धारक शिकविणाऱ्या संशोधकाला हे उदाहरण त्याच तासाला मांडता येईल. आणि ‘संख्या विषम असेल तर काय?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर तो तास संशोधनाच्या खाती जमा झाला असे समजण्यास हरकत नाही.