बेकन : साधं की टर्कीचं?

2019 च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे अमेरिकेला गेलो. ती न्यू जर्सीत असते. निघण्याआधी रक्त तपासलं, तर तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा तो आकडा, एचबीएवनसी, 8.4 निघाला. आमच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कविराज, दिवसाला भात किती?" कवीला मानधन किती मिळतं, असं विचारण्यापैकीच हा प्रश्न. खरं उत्तर कुणी देत नाही. मी अर्धं सांगितलं. त्यांनी ते ओळखलं आणि भात, पोळी, बटाटा, साखर या सगळ्यांना एकदम कात्री लावली. "तिकडे अंडी आणि भाज्या खूप मिळतात, त्यांच्यावर राहा," म्हणाले.

पहिल्याच सकाळी लेकीनं समोर बशी ठेवली. दोन अंडी, अर्धा ॲव्होकाडो आणि कडेला लालसर तपकिरी, टोकांना करपलेल्या तीन पट्ट्या. त्यांचा धुरकट वास घरभर पसरला होता. मी हात मागे घेतला.

"बेटा, हे काय?"

"घाबरू नका अब्बा, टर्की बेकन आहे. हलालच्या दुकानातून आणलंय."

बेकन म्हणजे डुकराचं मांस, एवढंच मला पुस्तकांतून ठाऊक होतं. ते मला वर्ज्य. त्यामुळे माझ्यापुरता हा प्रश्न बशी समोर येण्याआधीच सुटलेला होता. पण तिथून तासाभराच्या अंतरावर माझा एक शाळूसोबती राहतो. मिरजेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो इंजिनीअर होऊन 1990 च्या दशकात तिकडे गेला, मी बी.ए. होऊन इकडेच राहिलो. त्यालाही साखर, शिवाय रक्तदाब. त्याचा फोन आला.

"काय रे शायर, तू डाएटवर आहेस म्हणे? मीपण. लो-कार्ब. एक सांग, माझी बायको म्हणते साधं बेकन बंद, टर्कीचं खा. माझा जिम ट्रेनर म्हणतो टर्कीचं कशाला, साधंच खा. मी कुणाचं ऐकू?"

"अरे, हे मला विचारतोस? मी डुक्कर खात नाही."

"म्हणूनच विचारतोय. तुझा त्यात काही स्वार्थ नाही."

इतक्या सरळ युक्तिवादापुढे माझा नाइलाज झाला. पुढचे दोन शनिवार मी लेकीबरोबर दुकानात जाऊन फ्रीजच्या कपाटासमोर उभा राहिलो आणि पाकिटांच्या पाठी वाचत बसलो. मी डॉक्टर नव्हे. पण वाचणं हाच माझा धंदा आहे.

आधी हे पदार्थ काय आहेत ते पाहू. अमेरिकेत साधं बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचा भाग. त्यात मांसाचा एक थर आणि चरबीचा एक थर असे निसर्गतःच पट्टे असतात. त्याला मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट लावून मुरवतात, धुरी देतात आणि पातळ काप करतात. तसं पाहिलं तर हे आपल्याला अनोळखी नाही. आमच्या घरी बकरी ईदला कुर्बानीचं मटण उरलं, की अम्मी त्याच्या लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद चोळायची आणि गच्चीवर दोरीला वाळत घालायची. कावळे हाकलण्याचं काम माझं. फ्रीज नसलेल्या जगात मांस टिकवायचं तर मीठ, ऊन आणि धूर हीच साधनं होती.

टर्की बेकनचं तसं नाही. टर्की पक्ष्याच्या अंगावर असा पट्टेदार भाग मुळी नसतोच. त्याचं पांढरं आणि गडद मांस वेगवेगळं बारीक करतात, मीठ-मसाला आणि नायट्राइट घालून मुरवतात, थरांवर थर देऊन लांबट ठोकळा बनवतात, धुरी देऊन शिजवतात आणि मग त्याचे काप काढतात. गडद मांसाचा पट्टा लाल भागाची नक्कल करतो, फिक्या मांसाचा पट्टा चरबीची. म्हणजे जे खायचं नाही, त्याचाच वेष घेतलेला हा पदार्थ. लेकीला मी म्हटलंही, "ज्याला आपण नाही म्हटलं, त्याची सोंगं कशाला?" ती म्हणाली, "अब्बा, इथल्या मुलांना शाळेत डब्यात सगळ्यांसारखं काहीतरी हवं असतं." यावर मी गप्प बसलो.

या पक्ष्याची एक गंमत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. खुद्द तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे तुर्कांच्या मते तो आपल्याकडचा! फ्रेंच नावातही हिंदुस्थानच आहे. इजिप्तमधले लोक त्याला रूमी कोंबडा म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' म्हटलं आणि उर्दूत तो फीलमुर्ग, म्हणजे हत्ती-कोंबडा. ज्याला त्याला तो परका वाटला. हिंदुस्थानात तो आला गोव्याच्या वाटेनं. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून ज्या अपूर्वाईच्या वस्तू घेऊन आला, त्यांत 1612 साली हा पक्षी होता. त्याच्या मानेचे बदलते रंग पाहून बादशहा चकित झाला. त्यानं आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन लिहिलं आणि चित्र काढायला सांगितलं. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चारशे वर्षांनी त्याच पक्ष्याचं बेकन होऊन माझ्या बशीत यावं!

असो. मित्राचा प्रश्न पिष्टमय पदार्थांचा होता. त्याचं उत्तर अगदी छोटं आहे. दोन्हींत ते जवळजवळ नसतातच. मांसात पिष्ट कुठून येणार? मुरवताना लावलेली साखर तेवढी काय ती. शिजवलेल्या दोन पट्ट्यांत साधारण एक ग्रॅमच्या आत, बहुधा त्याहूनही कमी. आपल्या मध्यम वाटीभर भातात तीसेक ग्रॅम असतात, यावरून कल्पना यावी. तेव्हा निव्वळ लो-कार्बच्या हिशेबात टर्की आणि डुक्कर यांची बरोबरी होते. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. पाकिटावर 'मेपल' किंवा 'ब्राउन शुगर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल, तर साखर थोडी जास्त. आणि 'शून्य' म्हणजे शून्यच, असं समजू नये. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर शून्य छापता येतं. सहा-आठ पट्ट्या खाणाऱ्यानं ते ध्यानात ठेवावं.

फरक आहे तो चरबीत. साध्या बेकनच्या दोन पट्ट्यांत साधारण सहा-सात ग्रॅम चरबी आणि ऐंशी-नव्वद कॅलरी. टर्कीच्या दोन पट्ट्यांत चार-पाच ग्रॅम चरबी आणि साठ-सत्तर कॅलरी. प्रथिनं साध्या बेकनमध्ये किंचित जास्तच. कंपनीगणिक हे आकडे हलतात. माझ्या मित्राच्या घरातलं भांडण इथंच होतं. ट्रेनरचं म्हणणं असं, की या आहारात पोट चरबीनंच भरायचं असतं, मग ती काढून टाकलेलं बेकन कशाला? वहिनींचं म्हणणं, हृदयासाठी संपृक्त चरबी कमी बरी. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण दोन पट्ट्यांमागे दोन-तीन ग्रॅमचा हा फरक. सोबत अंडी कशात तळली आणि वर चीज किती किसलं, त्यात तो कधीच बुडून जातो. टर्की बेकनला स्वतःची चरबी फारशी सुटत नाही, म्हणून ते तव्याला चिकटतं. मग लोक तेल किंवा लोणी घालतात. झाली बरोबरी.

मीठ मात्र दोन्हींत सारखंच. आणि हाच खरा मुद्दा आहे, असं मला उशिरा कळलं. मित्राला तर त्याहून उशिरा.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे वहिनींचा फोन आला. त्याला गरगरून आलं, डोकं फुटायची वेळ आली, म्हणून इस्पितळात नेलं होतं. रक्तदाब 190 वर 110. मी आणि लेक गेलो तेव्हा तो पलंगावर बसून चिडचिडत होता. "मी साखर मोजतो, कार्ब मोजतो, वजन सहा किलो उतरवलंय. आणखी काय करू?" तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते लिहायला सांगितलं होतं. मी तो कागद पाहिला. वहिनींच्या सांगण्यावरून त्यानं टर्की बेकन धरलं होतं आणि 'हे पथ्याचं' म्हणून दोनाच्या जागी सहा पट्ट्या खात होता. एका पट्टीत साधारण दीडशे मिलिग्रॅम सोडियम धरलं, तर सहांत नऊशे. प्रौढ माणसानं दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ, एक सपाट चमचा. यानं जवळजवळ निम्मं नाश्त्यालाच संपवलेलं. वर चीज, दुपारी डब्यातलं सूप आणि शेवटच्या ओळीत वहिनींच्या अक्षरात लिहिलेलं 'लिंबाचं लोणचं'. मिरजेहून आलेलं. कार्ब शून्य म्हणून ते सुरूच होतं.

सगळा दोष बेकनवर टाकणं खरं नव्हे. वजन उतरल्याच्या आनंदात त्यानं रक्तदाबाची गोळीही आठवडाभर घेतली नव्हती. पण 'टर्की' या शब्दानं त्याला गाफील केलं, हे त्यानंच कबूल केलं.

शब्द गाफील करतात, हे कवीला कुणी सांगायला नको. त्याच कपाटात एक महागडं पाकीट मी पाहिलं होतं. 'अनक्युअर्ड, नायट्राइट न घातलेलं'. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सेलरीच्या पावडरीत नैसर्गिकरीत्या असतं तेवढं सोडून'. सेलरी या भाजीत नायट्रेट भरपूर असतं, त्यातूनच नायट्राइट तयार होतं. त्यामुळे शरीरात जायचं ते जातंच. नायट्राइट अगदीच निरुपयोगी असतं असंही नाही. मांसात बोट्युलिझमचं विष तयार करणारे जंतू ते वाढू देत नाही आणि तो गुलाबी रंगही त्याचाच. पण 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. रोज पन्नास ग्रॅम असं मांस खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. धोका मुळात लहान, वाढ त्या लहान धोक्यावरची, हे खरं. पण संस्थेच्या व्याख्येत मुरवलेलं, धुरी दिलेलं कोंबडी-टर्कीचं मांसही येतं. पक्ष्याला इथं सवलत नाही.

बेकन आणि अंडी म्हणजे अमेरिकन नाश्ता, ही समजूतही काही अंशी घडवलेली आहे. 1920 च्या दशकात एका मांस कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञानं हजारो डॉक्टरांकडून 'सकाळचा नाश्ता भरपेट असावा' असा अभिप्राय गोळा केला आणि तो बेकन-अंड्यांसोबत वर्तमानपत्रांत आणला. हे बर्नेज म्हणजे सिग्मंड फ्रॉइडचे भाचे. लो-कार्बची कल्पना त्याहून जुनी. विल्यम बँटिंग या लंडनच्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या गृहस्थानं पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि 1863 साली त्यावर पुस्तिका लिहिली. 1972 साली डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकानं तिला अमेरिकेत पुन्हा हवा दिली. अलीकडे, 2019 साली, अमेरिकन डायबेटिस असोसिएशननंही पिष्टमय पदार्थ कमी केल्यानं साखर आटोक्यात येते, याला बराच पुरावा असल्याचं मान्य केलं. तेव्हा हा आहार थोतांड नाही.

पण एक गोष्ट मी स्वतःच्या अंगावरून सांगतो. लेकीकडे गेल्यावर आठवडाभरात मी भात-पोळी पूर्ण सोडली आणि साखरेच्या गोळ्या मात्र जुन्याच मापानं घेत राहिलो. एका सकाळी फिरून येताना हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, समोरचा रस्ता डोळ्यांपुढून सरकला. लेकीनं संत्र्याचा रस पाजला, तेव्हा दहा मिनिटांनी मी माणसांत आलो. साखर 58 होती. खाणं बदललं की गोळ्या किंवा इन्शुलिनचं मापही बदलावं लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. मी त्यांना फोन केला तेव्हा शिव्या खाल्ल्या. त्यांत मात्र कार्ब नव्हते.

राहता राहिला आमच्या घरच्यांचा प्रश्न. टर्की आहे म्हणजे हलाल आहे, असं नसतं. पक्षी कसा कापला, त्याच यंत्रावर आधी काय कापलं होतं, हे पाहावं लागतं. तिथं पाकिटावर चंद्रकोरीत 'एम' असं चिन्ह असतं, ते प्रमाणपत्राचं. गायीच्या मांसाचं बेकनही मिळतं. लेक ही चिन्हं एका नजरेत ओळखते. मला चष्मा लागतो.

मित्राला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, तुला चव साध्या बेकनची आवडते ना, मग तेच खा, पण रविवारी, दोन पट्ट्या. आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी कपाटात. रोजसाठी अंडी, पालक, न मुरवलेली साधी कोंबडी किंवा मासे, शेंगदाणे. वहिनींना हे पटलं. ट्रेनरला पटलं की नाही, कळलं नाही. त्यानं ट्रेनर बदलला.

मी मायदेशी परतलो. साखर पुढच्या तपासणीत 7.1 आली. सकाळी दोन अंडी, मेथीची भाजी आणि डॉक्टरांनी परत दिलेली अर्धी ज्वारीची भाकरी खातो. गेल्या वर्षी मित्र मिरजेला आला होता. येताना माझ्यासाठी एक भिंग घेऊन आला. "शायर, आता इथली पाकिटं वाच," म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून पहिलं वाचलं ते त्याच्याच आईनं घातलेल्या पापडांचं, आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.